सहीखालचं टिंब

आमचे साहेब मंत्री होण्याआधी कंपाउंडर होते, आणि माझं प्रामाणिक मत असं की ते शेवटपर्यंत कंपाउंडरच राहिले. विरोधक हे त्यांना हिणवायला म्हणायचे. मी कौतुकाने म्हणते. सतरा वर्षं मी त्यांची टायपिस्ट आणि पुढे स्वीय सहायक होते, तेव्हा एवढं म्हणायचा हक्क मला आहे.

बाजाराच्या कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. आत डॉक्टर, बाहेर लाकडी खिडकीमागे साहेब. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, पुड्या बांधायच्या आणि प्रत्येकाला विचारायचं, "रात्री झोप लागली का?" अशी वीस वर्षं गेली. मग ते नगरपालिकेला उभे राहिले. समोर गिरणीमालकाचा पुतण्या, त्याच्याकडे दोन मोटारी आणि बँड. साहेबांकडे ती खिडकी. पुतण्याचं डिपॉझिट कसंबसं वाचलं. "गावातल्या प्रत्येकाचं पोट मला ठाऊक आहे," साहेब म्हणायचे, "आणि माणूस मत पोटात ठेवतो."

नगरपालिकेतून ते विधानसभेत गेले, तिथून उपमंत्री झाले, आणि तेव्हा माझी नेमणूक त्यांच्याकडे झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक पत्र सांगितलं. सांगताना हातातल्या कागदाच्या घड्या घालत होते. पत्र संपलं तेव्हा टेबलावर औषधाची एक सुबक पुडी तयार होती. ती उलगडून बघितली तर आत अर्थखात्याची टिपणी. मी तोंड दाबून हसले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हसा, बाई. या खात्याची प्रकृती आधीच बरी नाही."

त्या खोलीतली प्रत्येक वस्तू मला आजही डोळे मिटून सांगता येईल. खिडकीशी माझं टेबल, त्यावर जड कॅरेजचा टाइपरायटर, त्याचं एक अक्षर नेहमी अर्धा दोरा वर उडायचं. उजव्या हाताला टाचण्यांचा डबा. डब्यात एका कडेला कागद गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. टाइप करताना चूक झाली की बाकीचे लोक त्यावर फुल्या मारायचे. मी नाही. मी ब्लेडच्या पात्याने चुकीचं अक्षर हलकेच खरवडायचे, अंगठ्याच्या नखाने कागद घासून गुळगुळीत करायचे आणि त्यावर बरोबर अक्षर बसवायचे. उजेडाला धरल्याशिवाय कोणाला कळायचं नाही. सचिवालयात माझ्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नसे, पण माझ्या खरवडण्याला कोणी नावं ठेवली नाहीत.

पुढे साहेब शिक्षणमंत्री झाले, पूर्ण दर्जाचे. मोठी खोली मिळाली आणि बाहेरच्या बोळात ही गर्दी. माणसं तासन् तास उभी असायची, म्हणून त्यांनी दाराबाहेर भिंतीला लागून एक लांब बाक बसवून घेतला. कोणी बदलीसाठी यायचं, कोणी नेमणुकीसाठी, कोणी नुसतंच दर्शनाला. साहेब प्रत्येकाला समोर बसवायचे, चहा मागवायचे, सगळं ऐकून घ्यायचे. सहाशे चौरस फुटांच्या त्या खोलीतही ते खिडकीमागेच बसले आहेत असं मला वाटायचं. फार सुंदर दिवस होते ते. मी घरी गेले की आईला सांगायचे, आज अमक्याचं काम झालं, तमक्याचं झालं. आई म्हणायची, "तुझं लग्न तेवढं राहिलं." त्यावर मी दुसरीकडे बघायचे.

सगळ्यांचीच कामं होत नसत, हे उघड आहे. जागा चार आणि शब्द दिलेले अकरा, अशी गत. दुसरा मंत्री असता तर त्याने सरळ "नाही" म्हटलं असतं. आमच्या साहेबांना तोंडावर नाही म्हणता यायचं नाही. हा त्यांचा आजार होता, आणि त्यावर औषध त्यांनी दवाखान्यातूनच आणलं होतं.

ते औषध असं. म्हाताऱ्या डॉक्टरांकडे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना काही झालेलंच नसायचं. त्यांना रिकाम्या हाती पाठवलं तर ते रागावायचे. म्हणून डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि आपल्या सहीखाली एक टिंब द्यायचे. टिंब दिसलं की खिडकीमागे साहेब बाटलीत साखरेचं पाणी ओतायचे, लाल रंगाचे दोन थेंब टाकायचे, वर पट्टी चिकटवून सांगायचे, "घेण्यापूर्वी बाटली हलवा." माणूस समाधानाने घरी जायचा आणि बरेचदा बराही व्हायचा.

साहेब मंत्री झाल्यावर त्यांच्या शिफारसपत्रांना हाच नियम लागू झाला. साधी सही म्हणजे काम करा. सहीखाली टिंब म्हणजे पत्र ठेवून द्या. खात्यातल्या चार वरिष्ठांना हे तोंडी सांगितलेलं होतं आणि पाचवी मी. पत्र घेणारा हरखून जायचा, कागद छातीशी धरून निघायचा. आम्ही आपसात अशा पत्राला 'लाल पाणी' म्हणायचो आणि हसायचो. साहेब सही करायचे, पेनाचं टोक क्षणभर सहीखाली टेकवायचे, आणि मी शेजारून टीपकागद दाबायचे.

हे सगळं मी आज मोकळेपणाने लिहिते आहे, कारण मास्तरीणबाईंबद्दल लिहायचं तर ते लपवून चालणार नाही.

मास्तरीणबाई शहरापासून बसने तीन तासांवरच्या एका शाळेत होत्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. जिन्यावरून पडून त्याचं कमरेखालचं अंग गेलं. इस्पितळ शहरात, म्हणून त्याला शहरात बहिणीकडे ठेवला होता, आणि बाई दर शनिवारी शाळा सुटली की बसने यायच्या, रविवारी रात्री परत जायच्या. त्यांना शहरातल्या कुठल्याही शाळेत बदली हवी होती. साहेबांनी त्यांची सगळी हकीकत ऐकली. साहेबांचे डोळे ओले झालेले मी स्वतः बघितले, आणि ते नाटक नव्हतं. मग त्यांनी पत्र सांगितलं, मी टाइप केलं, त्यांनी सही केली आणि टिंब दिलं. शहरातल्या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या बायकांना देऊन झाल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी बाई परत आल्या. बाकावर बसल्या, आत आल्या, चहा घेतला, पत्र घेऊन गेल्या. सहीखाली टिंब. तिसऱ्या वर्षीही तेच आणि चौथ्या वर्षीही तेच. पाचव्या वर्षी आल्या तेव्हा साहेबांनी मला खूण केली, मी कागद चढवला. बाई म्हणाल्या, "पत्र नको, साहेब. मिस्टर गेले, पावसाळ्याआधीच. मी आभार मानायला आले. चार वर्षं तुम्ही माझ्यासाठी एवढी खटपट केलीत, माझ्या माणसांनीही कोणी केली नाही."

बाई गेल्या. समोरच्या कागदाला साहेबांनी घडीही घातली नाही. मग म्हणाले, "बाई, आजपासून टिंब बंद."

आणि ते खरंच बंद झालं. साहेब लोकांना तोंडावर नाही म्हणायला लागले. नीट समजावून, चहा पाजून, पण नाही. दोन वर्षांत निवडणूक आली आणि साहेब दोन हजार मतांनी पडले. लोक म्हणाले, मंत्री झाल्यापासून माणूस माजला, पूर्वी किती मायाळू होता. असा सगळा न्याय. मी ती खोली आवरली, टाचण्यांचा डबा घरी आणला, आणि त्यानंतर आणखी तीन मंत्र्यांचं टायपिंग केलं. त्यांच्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

आता साहेब ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मुलगा आणि सून त्यांना सांभाळतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, म्हणून दर गुरुवारी मी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. मीही काही कोवळी राहिले नाही. दोन म्हातारी माणसं मृत्युलेख आधी वाचतात आणि अग्रलेखाला हसतात, असा आमचा गुरुवार.

गेल्या महिन्यात अशाच एका गुरुवारी सूनबाई आत येऊन म्हणाली, "बाबा, कोणी मास्तरीणबाई आल्यात. तुम्ही ओळखता म्हणतात."

त्या आत आल्या. केस पांढरे, एका कानाला ऐकण्याचं यंत्र, हातात पद्धतशीर बांधलेली कागदांची फाइल. साहेबांनी हात चाचपडत खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "रात्री झोप लागते का?"

"लागते कुठची," बाई हसल्या. "एकटीला भीती वाटते."

त्या अजून त्याच गावात होत्या, तीन तासांवर. शहरात अध्यापक महाविद्यालयामागे निवृत्त शिक्षकांसाठी निवासगृह आहे. साहेबांनीच मंत्री असताना त्याचं उद्घाटन केलं होतं. तिथे एक खोली मिळावी, एवढं बाईंचं म्हणणं. अर्ज करून अडीच वर्षं झाली, यादीत नंबर पहिला, आणि मधल्या काळात तीन खोल्या भलत्यांनाच मिळाल्या. "इस्पितळ जवळ आहे, नणंद आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही एक पत्र द्याल का? तुमचा शब्द अजून चालत असेल." हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

साहेबांचा शब्द कसला चालतो आता. पण शिक्षणमंत्री सध्या आमचाच शिष्योत्तम आहे. कॉलेजच्या निवडणुकीतून साहेबांनी त्याला उचलला, भाषण कसं करायचं शिकवलं, सभेत बसायचं कुठे आणि उठायचं केव्हा तेही शिकवलं. साहेबांनी मला चार ओळी सांगितल्या आणि म्हणाले, "बाई, हे घेऊन तुम्ही स्वतः जा. या बाईंना या वेळी खोली मिळालीच पाहिजे. मला मरण्याआधी एवढं एकच काम करायचंय."

मी गेले. शिष्योत्तमाने माझं उठून स्वागत केलं. "बाई, तुम्ही बोलायचं आणि मी नाही म्हणायचं? साहेब म्हणजे माझे वडील." चहा आला, बिस्किटं आली. त्याने तिथल्या तिथे पत्र काढायला लावलं, सही केली, पाकिटात घालून दोन्ही हातांनी मला दिलं. मला भरून आलं. जुन्या माणसांना अजून किंमत आहे असं वाटलं, आणि त्याच आनंदात मी बोळात येऊन पाकीट उघडलं.

सहीखाली टिंब होतं.

साहेबांचं बघून त्याने हेही उचललं होतं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी. मी त्या बाकावर बसले. मला राग आला तो आधी त्याचा, आणि मग त्या बिस्किटांचा, कारण मी दोन खाल्ली होती.

घरी येऊन मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला. साहेबांना हे सांगायचं नाही, एवढं मी टॅक्सीतच ठरवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याला लाल पाणी दिलेल्या माणसाला ब्याऐंशीव्या वर्षी ते पाजायचं, हे माझ्याने होणार नव्हतं. टाचण्यांचा डबा काढला. पातं गंजलं होतं, नवं ब्लेड मोडून घेतलं. काम जमलं. टिंब गेलं. नखाने कागद घासला. साध्या सहीचं पत्र तयार झालं. खात्यात नेऊन दिलं की काम फत्ते.

सकाळी मी ते साहेबांना नुसतं दाखवायला नेलं. मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. साहेबांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांना अक्षरं दिसत नाहीत, पण वीस वर्षं त्या बोटांनी पुडीतल्या भुकटीचं वजन न तोलता सांगितलं होतं. त्यांनी अंगठा सहीपर्यंत आणला, सहीखाली नेला, आणि तिथे थांबवला. पुन्हा एकदा फिरवला.

"पत्र छान आहे," ते म्हणाले. "माझा काळा कोट काढायला सांगा. आणि काठी. आपण जाऊ."

"मी देऊन येते ना खात्यात. तुम्ही कशाला?"

"कोट, बाई."

टॅक्सी केली. सचिवालयाच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने गेलो. दारावरच्या शिपायाने विचारलं, "काय काम आहे, आजोबा? नाव सांगा, चिठ्ठी आत देतो."

"कंपाउंडर," साहेब म्हणाले.

"नुसतं कंपाउंडर?"

"लिहा तेवढंच. त्यांना कळेल."

शिपायाने लिहिलं, आत नेलं, आणि ती चिठ्ठी कुठल्या तरी पेपरवेटखाली गेली असणार. आम्ही बाकावर बसलो. अकरा वाजले होते. एक वाजला. सोबत आणखी सात-आठ माणसं होती, फायली मांडीवर घेऊन. साहेब एकदा इकडे सरकले, एकदा तिकडे.

"फार कडक आहे हो हा बाक," ते म्हणाले. "मीच बसवला आणि मीच कधी बसून बघितला नाही."

पावणेतीनला दार उघडून शिष्योत्तम बाहेर पडला, कुठल्याशा बैठकीला निघाला होता. साहेबांना बघून जागच्या जागी थबकला. "साहेब, तुम्ही इथे, बाहेर? निरोप पाठवला असता तर मी घरी आलो असतो."

"निरोप पाठवला होता की. उत्तरही आलं." साहेबांनी कोटाच्या खिशातून पत्र काढलं. आवाज अजिबात चढला नव्हता. दवाखान्याच्या खिडकीतून बोलावं तसं ते बोलत होते. "या सहीखाली एक टिंब पडलं होतं. आमच्या बाईंनी ते खरवडलं. पण सरकारी कागदावर खाडाखोड बरी दिसत नाही. दुसरं देशील?"

बाकावरची सगळी माणसं ऐकत होती. त्यांना टिंबाचं काय कळणार, पण मंत्र्याचं तोंड उतरलेलं त्यांना दिसत होतं. तो मुकाट्याने आत गेला. बैठक राहिली. दहा मिनिटांत नवं पत्र घेऊन आला आणि आमच्यासमोरच, भिंतीवर कागद धरून, त्याने सही केली. पेन सहीच्या शेवटी क्षणभर अडलं, मग उचललं गेलं. माझा हात सवयीने टीपकागद शोधत होता. हल्ली कोणी तो ठेवत नाही.

"हे संचालकांकडे मी स्वतः पाठवतो, साहेब. उद्या आदेश निघेल."

"निघू दे," साहेब म्हणाले. "आम्ही उद्या परत येऊन बसू. बाकाची सवय होईल."

आदेश त्याच संध्याकाळी निघाला. पण ते आम्हाला नंतर कळलं.

परतताना टॅक्सीत साहेब खिडकीकडे तोंड करून बसले होते. रस्त्यावरची दुकानं त्यांना दिसत नव्हती, तरी बघत होते. जुन्या दवाखान्याच्या कोपऱ्याशी गाडी वळली तेव्हा वळण ओळखून म्हणाले, "इथे खिडकी होती." तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे.

थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तरीणबाई आभार मानायला येतील."

"येणारच."

"मागच्या वेळी मी ते आभार ठेवून घेतले. या वेळी मी त्यांना त्या चार पत्रांचं सांगणार आहे."

"या वयात कशाला, साहेब? त्यांनाही त्रास, तुम्हालाही."

"त्यांचा नवरा वाट बघत गेला, बाई. नाही म्हटलं असतं तर त्यांनी नोकरी सोडली असती, दुसरं काही बघितलं असतं. चार वर्षं त्यांना मी बाटली हलवायला लावली."

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "काल खरवडलंत ते पातं तेव्हाही होतं ना तुमच्याकडे?"

"होतं. टाचण्यांच्या डब्यात."

"मग त्या चार वेळी का नाही खरवडलंत?"

त्यांनी हे रागाने विचारलं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. नोकरी होती, आई होती, हुकूम तुमचा होता. एकही ओठांवर आलं नाही, कारण त्यातलं एकही खरं नव्हतं.

"सुचलंच नाही," मी म्हटलं.

सतरा वर्षांत हजारो पत्रं खरवडली असतील मी. चुकलेली वेलांटी सोडली नाही, जागा सोडून पडलेला पूर्णविराम सोडला नाही. आणि ते टिंब मात्र ओलं पसरू नये म्हणून दर वेळी टीपकागद धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही, साहेबांना दिसणार नव्हतंच.

पण त्यांना कळलं असावं. त्यांनी सीटवर हात चाचपडत माझा हात शोधला आणि दोनदा थोपटला.

"बरं," ते म्हणाले. "मग दोघं मिळून सांगू."